उन्हाळ्यात लस थंड कशी राहते?

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. अशा दिवसांतही प्राथमिक आरोग्य केंद्रातील लस मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते. डीपीटीची लस गोठली तर बिघडते. निकामी लस बाळाला दिली गेली, तर आई निर्धास्त होऊन घरी जाते आणि बाळ असुरक्षितच राहते. म्हणून लसीचा फ्रीज उन्हाळ्यात कसा टिकाव धरतो, हे आपण समजून घेऊ.

फ्रीज काय करतो, असे आम्ही मुलांना विचारतो, तेव्हा 'थंडी तयार करतो' हेच उत्तर बहुधा मिळते. खरे म्हणजे फ्रीज आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याच्या मागे किंवा बाजूला हात नेला, तर ही टाकलेली उष्णता जाणवते. हे काम विहिरीतून पाणी उपसण्यासारखे आहे. विहीर जितकी खोल, तितके श्रम जास्त.

थोडा हिशेब करू. आत ५ अंश आणि बाहेर २५ अंश असतील, तर फरक २० अंशांचा. बाहेर ४५ अंश झाले की फरक ४० अंशांचा, म्हणजे दुप्पट. त्यामुळे भिंतींतून आत झिरपणारी उष्णता दुप्पट होते. शिवाय तेवढीच उष्णता बाहेर टाकायला आदर्श यंत्रालाही दुप्पट ऊर्जा लागते. म्हणजे एकूण काम चौपट! त्यात फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला, तर मागची हवा कोंडून आणखी तापते आणि विहीर अधिकच खोल होते. लसीचा फ्रीज भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर दूर, सावलीत आणि हवेशीर खोलीत ठेवायचा तो यासाठीच. घरच्या फ्रीजलाही अशीच मोकळी जागा हवी.

पण वीजच गेली तर? आरोग्य केंद्रात 'आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर' असतो. त्याच्या भिंतींलगत बर्फाचा थर असतो. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो आणि वितळून संपेपर्यंत शून्य अंशावरच राहतो. म्हणून २४ तासांत ८ तास वीज मिळाली, तरी हा फ्रीज लस सांभाळू शकतो. त्याचे झाकणही वरच्या बाजूला असते. थंड हवा जड असते. झाकण उघडले तरी ती रांजणातील पाण्यासारखी आतच राहते. उभे दार उघडले, की तीच हवा खाली ओघळून जाते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या डब्यांत सारखाच बर्फ घ्या. एक डबा उघड्यावर ठेवा, दुसऱ्याभोवती सर्व बाजूंनी कापसाचा जाड थर गुंडाळा. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात त्याची काय कमी! कोणता बर्फ आधी वितळेल, ते मुलांना आधी लिहायला सांगा. कापूस ऊब देतो, म्हणून गुंडाळलेला बर्फ लवकर वितळेल, असे अनेकजण लिहितील. उत्तर सांगण्याची घाई करू नका. थोड्या वेळाने डबे उघडून त्यांनाच पाहू द्या.

मग जमल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात मुलांना न्या. तिथे दिवसातून दोनदा फ्रीजचे तापमान नोंदवतात. ती वही मुलांना दाखवायला सांगा. आकड्यांच्या त्या दोन ओळींवर आपल्या गावातील बाळांचे आरोग्य अवलंबून आहे, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.