रोबो घडवताना डोळे आणि हात जपा

अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘रोबोकॉन’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. आशिया-पॅसिफिक देशांतील विद्यार्थ्यांची ही यंत्रमानव स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ साली ती पुण्यात भरली. २००८ चा विषय तर चक्क गोविंदा होता! अशा स्पर्धांसाठी मुले महिनोन्‌महिने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खपतात, याचे कौतुकच आहे. पालकांना मात्र वाटते, मुलगा कॉम्प्युटरचे काहीतरी करतो. प्रत्यक्षात तो ग्राइंडर, ड्रिल आणि सोल्डरिंग हाताळत असतो. फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या कामगाराचे काम ते हेच, आणि दुखापतीही त्याच.

माझ्याकडे अशी मुले येतात ती बहुधा डोळा चोळत. ग्राइंडरचा कण उडालेला असतो. “डॉक्टर, चष्मा होता की!” असे सांगतात. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो. कण तिथूनच शिरतो. बाजू झाकणारा सुरक्षा गॉगल हवा, आणि तो शेजारी टॉर्च धरून उभ्या असलेल्या मित्रालाही हवा.

डोळ्यात कुसळ गेल्यासारखे वाटले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. रुमालाचे टोक किंवा काडेपेटीची काडी घेऊन कण काढणारे ‘तज्ज्ञ’ प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतात, त्यांच्यापासून दूर राहावे. बुबुळात रुतलेला लोखंडी कण लवकरच गंजू लागतो, भोवती गंजाचे कडे धरते आणि मग तेही खरवडून काढावे लागते. मेडिकलमधून मनानेच थेंब आणून घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असले तर जंतुसंसर्ग बळावतो. कण जोरात आत घुसला असेल तर वेदना कधीकधी फारशी नसते, पण नजर धूसर होते. अशा वेळी डोळा धुऊ नये, दाबू नये. वर कागदी कप ठेवून तो चिकटपट्टीने बसवावा आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

दुसरी काळजी बॅटरीची. रोबोत बऱ्याचदा लिथियम पॉलिमर बॅटरी असते. व्होल्टेज कमी, म्हणून मुले तिला खेळणे समजतात. शॉक बसत नाही हे खरे, पण दोन टोके जोडली गेली की प्रचंड प्रवाह वाहतो. बोटातली अंगठी किंवा हातातले कडे मध्ये आले तर क्षणात लाल होऊन खोल भाजते. ते आधी काढून ठेवा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका. हॉस्टेलच्या खोलीत रात्री चार्जिंगला लावून झोपणे तर मुळीच नको. तिने पेट घेतला तर धूर विषारी असतो. आधी खोलीबाहेर पडा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

ड्रिलवर काम करताना कापडी हातमोजे घालू नयेत, हे ऐकून पालकांना नवल वाटते. पण फिरते यंत्र मोजा पकडते आणि मोज्यासकट बोट ओढते. ओढणी, लोंबती बाही, मोकळे केस यांचेही तेच. छिद्र पाडायचा तुकडा हातात न धरता व्हाइसमध्ये आवळावा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत. जोराची हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते.

सोल्डरिंगच्या धुराने दमेकऱ्यांना त्रास होतो, म्हणून खिडकी उघडी असावी. काही सोल्डरमध्ये शिसे असते. ते पोटात जाते ते न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या वडापावातून!

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात जागरणे होतातच, मी ‘नको’ म्हटले म्हणून थांबणार नाहीत. मात्र मध्यरात्रीनंतर प्रोग्रॅम लिहा, ग्राइंडर बंद ठेवा.

वर्कशॉपमध्ये एकट्याने काम करू नये. संघाच्या वहीत प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहावी. सोळाव्या वर्षीचा डोस पुष्कळांचा राहून गेलेला असतो. खोल, मळकट जखम झाली आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते.