सरपणातील पाणी आणि व्यापारातील सचोटी



धान्याच्या व्यापारात ज्याची हयात गेली, त्याला ओलाव्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. पोत्यातील मूठभर तांदूळ हाती घ्यावा, एखादा दाणा दाताखाली फोडावा आणि त्याच्या आवाजावरून माल वखारीत ठेवण्याजोगा आहे की नाही ते ठरवावे, ही विद्या आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला गादीवर बसवतानाच दिली. तांदळात चौदा टक्क्यांहून अधिक पाणी राहिले तर गोव्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी आणि कीड लागण्यास वेळ लागत नाही. म्हणून दाण्यातील पाण्याविषयी आपण फार दक्ष असतो. परंतु ज्या लाकडाच्या जाळावर आपला कित्येक माल तयार होतो, त्या लाकडातील पाण्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. तो विचार मला एका चुकीने शिकवला, आणि ती चूक सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ राहणार नाही.

आपल्या प्रदेशात उकड्या तांदळाचा खप मोठा. भात भिजवून, उकडून, वाळवून मग गिरणीत जाते. डिचोलीस आमच्या वखारीच्या पाठीमागे भात उकडण्याची एक लहानशी भट्टी आहे. तिच्यासाठी लागणारे सरपण पेडण्याच्या बाजूने, इब्रामपूरकडील डोंगराळ भागातून, वठलेल्या काजूच्या झाडांचे येत असे. ते आणणारे गृहस्थ वयाने माझ्याहून वडील. आम्ही सर्व त्यांना आबा म्हणत असू. वीस-बावीस वर्षांत त्यांनी भाव वाढवून मागितल्याचे मला स्मरत नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने लाकडाचा ओलावा मोजण्याचे एक स्वस्त यंत्र विकत आणले. सरद हंगामाचे भात येऊ लागले होते आणि परतीचा पाऊस अद्याप सरला नव्हता. आबांचा टेम्पो दोन हजार किलो लाकूड घेऊन आला. पुतण्याने यंत्राच्या सुया दोन-चार ओंडक्यांच्या सालीवर आणि टोकांवर टेकवल्या. आकडा बत्तीस-तेहतीस दाखवू लागला. किलोला आठ रुपये हा आमचा ठरलेला भाव. माल ओला म्हणून मी सोळा हजारांतून एक पंचमांश, म्हणजे 3,200 रुपये कापून घेतले. आबा एवढेच म्हणाले, "फोडल्याबगर भितरलें कशें कळटलें, शेट?" मी त्यांना यंत्राकडे बोट दाखवले. ते काही न बोलता पैसे घेऊन गेले.

दोन दिवसांनी भट्टी पेटली. लाकूड स्वच्छ जळले आणि धूर नावालाच झाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. एक ओंडका फोडून आतल्या ताज्या भागावर सुया रोवल्या, तर आकडा एकोणीस. दुसरा वीस, तिसरा अठरा. तेव्हा आठवले की त्या सकाळी वाटेत पावसाची सर आली होती. भिजली होती ती साल, लाकूड नव्हे! यंत्र खोटे बोलले नव्हते. आम्ही त्याला भलत्या ठिकाणी प्रश्न विचारला होता.

त्या आठवड्यातच मी इब्रामपुरास जाऊन कापलेली रक्कम आबांच्या हाती ठेवली. त्यांनी ती मोजून घेतली आणि पुढल्या वेळी यंत्राबरोबर कुऱ्हाडही जवळ ठेवा, इतकेच सांगितले. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार होय.

प्रथम यंत्र काय करते ते समजून घेऊ. त्याला दोन टोकदार सुया असतात. त्या लाकडात रुतवल्या की एका सुईकडून दुसरीकडे विजेचा अत्यल्प प्रवाह जातो. कोरडे लाकूड त्या प्रवाहास मोठा अडथळा करते, ओले कमी करते. त्या अडथळ्यावरून यंत्र पाण्याचा अंदाज बांधते. म्हणून ते केवळ सुयांच्या टोकांपाशी असलेल्या लाकडाविषयी बोलते, आणि तेही सुमारे सात ते अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या टप्प्यातच विश्वासाने बोलते. लाकडाच्या तंतूंना जेवढे पाणी धरून ठेवता येते त्याहून अधिक झाले, की आकडा चाळीस असो वा साठ, त्याचा अर्थ 'फार ओले' एवढाच घ्यावा.

आता आपल्या व्यापाऱ्यांची जेथे हटकून फसगत होते ते स्थळ. धान्यातील ओलावा आपण एकूण वजनाच्या प्रमाणात मोजतो. भाताच्या सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांची मर्यादा असते, ती याच हिशेबाने. लाकडाची बहुतेक यंत्रे मात्र पाण्याचे प्रमाण पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या वजनाशी दाखवतात. एक उदाहरण घेऊ. ओंडक्याच्या गाभ्यातून दोनशे ग्रॅम ढलप्या काढल्या आणि पूर्ण सुकवल्यावर त्या एकशे साठ ग्रॅम भरल्या. पाणी गेले चाळीस ग्रॅम. एकूण दोनशेशी त्याचे प्रमाण वीस टक्के, परंतु सुक्या एकशे साठशी पंचवीस टक्के. लाकूड तेच, पाणी तेच, आकडे दोन. जळणात एकूण वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी नसावे असे जे म्हणतात, ते यंत्रावर पंचवीसच्या जागी दिसते. हे न जाणता एकाने वीस म्हणावे आणि दुसऱ्याने पंचवीस दाखवावे, तर दोघेही खरे असून तंटा उभा राहतो. कोणता हिशेब वापरला आहे ते यंत्राच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

हीच ढलप्यांची रीत यंत्राची परीक्षा घेण्यासही उपयोगी पडते, आणि तिच्यासाठी लागणारा नाजूक काटा आपल्या प्रत्येकाच्या दुकानात आहे. ढलप्या तोलाव्यात, घरातील ओव्हनमध्ये शंभर अंशांहून किंचित अधिक उष्णतेवर सुकवाव्यात आणि लागोपाठ दोनदा तोलूनही वजन घटेनासे झाले की हिशेब करावा. या वेळी जवळ कोणीतरी बसून राहावे, ढलप्या करपू देऊ नयेत. त्याच फोडीवर यंत्राने जो आकडा दाखवला होता तो या आकड्याच्या दोन-तीन टक्के आतबाहेर असेल, तर यंत्र आपल्या कामास पुरेसे आहे असे समजावे.

खरेदीविषयी थोडे. सरपणाच्या कामास सुयांचेच यंत्र घ्यावे. सपाट तळ टेकवून मोजणारे यंत्र रंधलेल्या फळीस ठीक, फोडलेल्या खडबडीत लाकडावर ते नीट बसत नाही. साधे यंत्र हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान मिळते आणि आपल्यासाठी याहून भारी यंत्राची गरज नाही. सुया बदलता येतात काय, त्यांवर टोपण आहे काय, बॅटरी गावातल्या दुकानात मिळणारी आहे काय आणि वाचलेला आकडा स्थिर ठेवण्याची कळ आहे काय, एवढे पाहावे. आकड्यापुढे दशांश चिन्ह आहे म्हणून यंत्र अचूक ठरत नाही. ही यंत्रे बहुधा परदेशी लाकडांच्या हिशेबाने बसवलेली असतात. काजू, आंबा किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ यांवर ती थोडी चुकणारच. म्हणूनच वरील काट्याची परीक्षा प्रत्येक जातीच्या लाकडावर एकदा तरी करून फरक वहीत टिपून ठेवावा.

मोजण्याची रीत अशी. गाडीच्या वरच्या थरातून, मधून आणि तळातून मिळून दहा ओंडके निवडावेत. धान्याच्या पोत्यांतून आपण नमुना काढतो तोच हा न्याय. प्रत्येक ओंडका तेथल्या तेथे फोडावा. ताज्या फोडीच्या मध्यभागी, टोकांपासून दूर, सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने पाव इंचभर रुतवाव्यात. दहा आकड्यांची सरासरी धरावी. उन्हात तापलेले लाकूड आकडा वाढवून दाखवते, यास्तव त्याला सावलीत निवू द्यावे. मांद्रे-हरमलच्या किनाऱ्याकडील वा तेरेखोलच्या खाडीकाठचे, खारट पाण्याने भिजलेले लाकूडही मिठामुळे आकडा वाढवते. तेथे यंत्र बाजूस ठेवून काट्यावरच भिस्त ठेवावी.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हजार किलो लाकडात एकूण वजनाच्या वीस टक्के पाणी असेल तर आपण आठशे किलो जळण घेतले. चाळीस टक्के असेल तर सहाशे किलोच घेतले आणि चारशे किलो पाण्यास लाकडाचा भाव दिला. शिवाय त्या पाण्याची वाफ करण्यास जळणच खर्ची पडते. एक किलो पाणी उडवण्यास सुमारे एकशे चाळीस ग्रॅम सुक्या लाकडाची उष्णता लागते, म्हणजे चारशे किलोंस पन्नास-साठ किलो आणखी गेले. याहून मोठे नुकसान असे की ओला जाळ थंड पडतो, लाकडातील ज्वालाग्राही वायू न जळता धूर होऊन निघून जातात, भात एकसारखे उकडत नाही आणि त्यास धुराचा वास लागतो. ज्या घरांतून अद्याप चुलीवर स्वयंपाक होतो, तेथे हा धूर घरातील भगिनींच्या डोळ्यांस आणि छातीस बाधतो, हे तर पैशात मोजताच येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजास विशेष महत्त्वाची वाटावी. ओलसर आणि सालीसकट पडून राहिलेले लाकूड हे असंख्य किड्यांचे घर असते. चुलीत लाकूड घालण्यापूर्वी ते झाडून पाहावे, ही आपल्या घरांतील जुनी शिकवण. लाकूड वेळीच फोडून, साल काढून, कोरडे ठेवले तर जीवांचा वास तेथे मुळातच कमी होतो, आणि फोडताना ते दृष्टीसही पडतात.

गोव्याच्या हवेत काळवेळ साधणे हे अर्धे काम आहे. दिवाळीनंतर तोडलेले व लगेच फोडलेले लाकूड वाऱ्यावर रचले तर एका उन्हाळ्यात पुष्कळ सुकते, तर न फोडलेला जाड ओंडका वर्षानंतरही आत ओला निघू शकतो. जून लागण्यापूर्वी त्यावर छप्पर असावे, मात्र बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि खाली दगड किंवा लाकडी आधार द्यावा. पावसाळ्यातील दमट हवेत छपराखालचे सुके लाकूडही सतरा-वीसच्या आकड्यापर्यंत चढते. तो विक्रेत्याचा दोष नव्हे, हवेचा गुण होय. सरदाच्या भातासाठी लागणारे सरपण ऑक्टोबरात शोधण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांतच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. घेताना झाडे तोडण्याची रीतसर परवानगी आहे याची खात्री करावी. गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, आणि विनापरवाना तोडलेले लाकूड कितीही सुके असले तरी ते आपल्या भट्टीस शोभणारे नाही.

अखेर मूळ मुद्द्याकडे येतो. इब्रामपूरहून परतल्यावर मी एक नियम केला आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. ठरलेला भाव यंत्रावरील पंचवीसच्या आकड्याचा. काट्यावरील वजनास एकशे पंचवीसने गुणावे आणि शंभर अधिक यंत्राचा आकडा एवढ्याने भागावे. येईल त्या वजनाचे पैसे द्यावेत. हजार किलोंवर आकडा तीस आला तर नऊशे एकसष्ट किलोंचे पैसे होतात. वीस आला तर एक हजार एकेचाळीस किलोंचे, म्हणजे काट्याहून अधिक! आकडा तिसाच्या वर गेला तर यंत्राच्या आधारे एक पैसाही कापू नये. माल सुकवून पुन्हा आणण्यास सांगावे, अथवा ढलप्या काट्यावर तोलून निर्णय करावा. आणि हे सर्व विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर, ओंडका त्याने स्वतः निवडून व फोडून झाले पाहिजे.

ज्या मापाने केवळ समोरच्याचे पैसे कापले जातात ते माप नव्हे. आपल्या पदरचे देण्याची पाळी आणते तेच खरे माप. आबा आता थकले, त्यांचा मुलगा लाकूड घेऊन येतो. गेल्या मे महिन्यात त्याच्या मालाची सरासरी एकोणीस भरली आणि त्याला काट्याहून अधिक किलोंचे पैसे मिळाले. तेव्हापासून तो लाकूड फोडून, दोन महिने सुकवूनच आणतो. यंत्राची किंमत आमच्या भट्टीत केव्हाच वसूल झाली. परंतु डिचोलीच्या वखारीत पेडण्याचा माणूस आज निःशंक मनाने गाडी उतरवतो, ही प्राप्ती मी जमेच्या बाजूस सर्वांत वर लिहितो.