एकाच माणसाचे दोन रिपोर्ट वेगळे का येतात?

“सकाळी निगेटिव्ह, संध्याकाळी पॉझिटिव्ह! मग तपासणी खोटीच की!” असे आपल्या वस्तीत अनेकजण बोलतात. शंका घेणे चूक नाही. पण शंकेचे उत्तरही शोधले पाहिजे.

कोरोनाच्या मुख्य तपासण्या दोन. अँटिजेन तपासणी विषाणूचे प्रथिन शोधते आणि अर्ध्या तासात निकाल देते. विषाणू कमी असला की ती हुकते. जून २०२० मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली, तेव्हाच्या पडताळणीत १०० बाधितांपैकी सुमारे ५१ ते ८४ जणच तिला सापडले. निरोगी माणसाला मात्र ती क्वचितच पॉझिटिव्ह ठरवते.

आरटीपीसीआर तपासणीत विषाणूच्या अंशाच्या असंख्य प्रती काढतात, म्हणून थोडा विषाणूही सापडतो. तरी लागण होऊन एक-दोनच दिवस झाले असतील किंवा नाकातला नमुना नीट घेतला नसेल, तर तीही निगेटिव्ह येऊ शकते. उलट, बरे झाल्यावरही मृत विषाणूचे अवशेष काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

म्हणून अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती खरी माना. निगेटिव्ह आली, पण ताप, खोकला आहे किंवा वास येत नाही, तर आरटीपीसीआर करून घ्या. तिचा निकाल येईपर्यंत मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, म्हाताऱ्या माणसांपासून लांब झोपा. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, आम्ही जाणतो. पण त्यांचा जीव यावरच आहे.

आणि धाप लागली, तर रिपोर्टची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.