35 लाखांवरून 15 वर

1986 साली जगात नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024 साली साऱ्या जगात मिळून 15 सापडले. म्हणजे तेव्हा जिथे दोन लाख तेहतीस हजार माणसं या रोगाने आडवी पडत होती, तिथे आता एक पडतो. आणि हे लशीविना, औषधाविना घडलं. नारूवर आजही ना लस आहे, ना गोळी. जे काही साधलं ते पाणी गाळून, विहीर बांधून आणि रुग्णाला पाण्यात पाय बुडवू न देता.

महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना हा रोग पक्का आठवतो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे एक-दोन मिलिमीटरचे जीव असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात शिरतात आणि ते पाणी माणूस पितो. वर्षभर काहीच कळत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, विलक्षण आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत तोंड काढतो. त्याची लांबी मीटरभर भरू शकते. तो एका हिसक्यात ओढता येत नाही, कारण तुटला तर जखम चिघळते. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, आणि हे काही आठवडे चालायचं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये हाच उपाय सांगितल्याचं अभ्यासक मानतात. आजही दुसरा उपाय नाही.

आग सोसवत नाही म्हणून रुग्ण पाय गार पाण्यात सोडतो, आणि तेवढ्यात मादी लाखो अळ्या त्या पाण्यात सोडते. बारवेच्या पायऱ्या उतरून घागर भरायला गेलेल्या एका दुखऱ्या पायामुळे अख्ख्या गावाला पुढच्या वर्षी नारू होत असे. ऐन शेतीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस अंथरुणावर पडे आणि पेरणी हुके.

भारताने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 1984 साली देशात सुमारे 40 हजार रुग्ण आणि 12 हजारांहून अधिक बाधित गावं होती. ती सात राज्यांत पसरलेली होती आणि त्यांत महाराष्ट्रही होता. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून कुणाच्या अंगात जंत निघाला का, ते विचारत. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून पाणी वरूनच शेंदायची सोय केली गेली. सायक्लॉप्स मारणारं रसायन पाण्यात टाकलं गेलं आणि घराघरांत गाळायचं कापड पोचलं. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. बारा वर्षांत 12 हजारांवर गावं, म्हणजे सरासरी रोज तीन गावं नारूतून सुटली. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.

या कामाला मोठा आधार मिळाला तो हापशाचा, आणि त्या हापशाची मुळं आपल्याच मातीत आहेत. 1970 च्या आसपासच्या दुष्काळांत युनिसेफने दिलेल्या यंत्रांनी कठीण खडकात भराभर बोअर घेतले गेले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. 1974 च्या सुमारास झालेल्या पाहणीत त्यांतले जवळपास तीन-चतुर्थांश बंद आढळले. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते आणि आपण त्यांना अख्ख्या गावाच्या कामाला जुंपलं होतं.

गाव म्हणजे किती काम, ते हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. सरकारी निकष होता 250 माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज 40 लिटर पाणी. म्हणजे एका हापशाने दिवसाला 10 हजार लिटर पाणी काढायचं. चांगला हापसा 40 वेळा हापसल्यावर साधारण 15 लिटर देतो. म्हणजे दिवसाला दांडा सुमारे 27 हजार वेळा वर-खाली व्हायला हवा. मिनिटाला चाळीस या वेगाने त्याला अकरा तास लागतात, मध्ये क्षणाचीही उसंत न घेता. वर्षभराचा आकडा 97 लाखांवर जातो. वर्षाला जवळजवळ एक कोटी हिसके सोसेल, असं यंत्र हवं होतं.

ते जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत आकाराला आलं. जालना पंप आणि सोलापूर पंप याच नावांनी ते ओळखले गेले. पोलादी अंग, एकच मजबूत सांधा, आणि दांड्याच्या टोकाला चाकाच्या पाव भागासारखी वक्र पट्टी. त्या पट्टीवरून साखळी खाली सोडलेली आणि साखळीला बोअरमधली सळई टांगलेली. दांडा कसाही हलवा, सळई सरळ उभीच वर-खाली होते, बाजूला घासत नाही, म्हणून झिजतही नाही. सोलापूर पंपाच्या याच रचनेवर भारत सरकार, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि चेन्नईतला एक कारखाना यांनी मिळून काम केलं. कोइमतूर भागातल्या खोल बोअरवर नमुने चालवून पाहिले आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्याचा आराखडा कुणाच्या मालकीचा ठेवला नाही. तो भारतीय मानक म्हणून खुला झाला, कुणीही बनवावा. आज आफ्रिकेच्या कितीतरी खेड्यांत तो उभा आहे. युगांडात त्याच्याच सुधारलेल्या रूपाला ‘यू टू’ म्हणतात.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा खुला आराखडा. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की डोळ्यांपुढे परिषदा येतात, आणि परिषदाही लागतातच. 1977 साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे संयुक्त राष्ट्रांची पाणी परिषद झाली. तिच्यातून 1981 ते 1990 हे पेयजल आणि स्वच्छतेचं आंतरराष्ट्रीय दशक ठरलं आणि नारू संपवणं हे त्या दशकाचं एक उद्दिष्ट झालं. पण ठराव गावात पोचतो तो पंपाच्या, कापडाच्या आणि रुग्णांच्या यादीच्या रूपाने. 1986 पासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने या कामात पुढाकार घेतला. ड्यूपाँ कंपनीने गाळण्यांसाठी नायलॉन दिलं. नायजेरियात 1988 साली साडेसहा लाख रुग्ण मोजले गेले होते. वीस वर्षांनी, 2008 साली, तिथला शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. 1995 साली सुदानमध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना कार्टर यांनी दोन्ही बाजूंना बोलतं करून शस्त्रसंधी घडवून आणली. नारूविरुद्धचं काम करता यावं आणि मुलांना लशी देता याव्यात, एवढ्यासाठी बंदुका जवळजवळ सहा महिने थांबल्या.

आता सगळ्या जगाचा हिशेब पाहू. 1990 ते 2015 या पंचवीस वर्षांत 260 कोटी लोकांना आधीपेक्षा सुधारलेल्या स्रोताचं पिण्याचं पाणी मिळालं. म्हणजे रोज 2 लाख 85 हजार माणसं, दर सेकंदाला तीनहून जास्त, आणि हे पंचवीस वर्षं रात्रंदिवस. 2000 साली 130 कोटी लोक उघड्यावर शौचाला जात होते. 2024 मध्ये हा आकडा 35 कोटी 40 लाखांवर आला. या घटीत भारताचा वाटा फार मोठा आहे.

उरलेलं कामही तेवढंच अफाट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजणीनुसार 2024 मध्ये 210 कोटी लोकांना घरी, हवं तेव्हा, शुद्ध पाणी मिळत नव्हतं. त्यांतले 10 कोटी 60 लाख लोक थेट नदी-तळ्याचं पाणी पीत होते. सुरक्षित स्वच्छतागृहाची सोय नसलेले 340 कोटी होते. दूषित पाणी आणि अस्वच्छता यांमुळे पाच वर्षांखालची सुमारे हजार मुलं रोज दगावतात. युनिसेफच्या 2016 मधल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या बाया आणि मुली पाणी आणण्यात रोज 20 कोटी तास घालवतात. या तासांची वर्षं केली तर 22,800 होतात. इतकी वर्षं मागे गेलं तर माणसाने अजून शेतीही सुरू केलेली नाही. एवढा काळ रोज, एकाच दिवसात, डोक्यावरच्या हंड्याखाली खर्च होतो, आणि तो मुलींच्या शाळेतून आणि बायांच्या कमाईतून वजा होतो.

शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टाप्रमाणे हे सारं 2030 पर्यंत संपवायचं आहे. साधा भागाकार केला तर 2025 ते 2030 या सहा वर्षांत रोज साडेनऊ लाखांहून जास्त लोकांपर्यंत शुद्ध पाणी पोचायला हवं. 2015 ते 2024 मध्ये हा वेग रोज 2 लाख 90 हजारांच्या आसपास होता. लोकसंख्येची वाढ सोडून दिली तरी तिप्पट वेग लागेल.

हा वेग अशक्य आहे म्हणून हात टेकणं मला मान्य नाही. नारूची बाधा आफ्रिकेतल्या चाड देशातल्या कुत्र्यांतही आढळते, तरी तिथले गावकरी आणि आरोग्य कर्मचारी एकेक जनावर बांधून ठेवून, मोजून काम पुढे नेत आहेत. 35 लाख हा आकडा ऐकून 1986 साली कुणी घाबरलं असतं, तर 2024 मध्ये 15 वर कुणी पोचलं नसतं. म्हणून श्रीमंत देशांनी पाण्याच्या मदतीला कात्री लावू नये, आपल्या सरकारने हापशासारखी तंत्रं जगाला खुली देत राहावं, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या पाण्याची तपासणी करून तिचा निकाल फळ्यावर लिहावा. गाव मोजलं गेलं की त्याचं काम सुरू होतं, आणि 210 कोटी हा आकडाही शेवटी मोजता येण्याजोग्या गावांचाच बनलेला आहे.