फाइल तीच, पत्ता वेगळा : विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यातील वाटा

कार्यालयात विंडोज, घरी मॅक आणि क्लाउडवर लिनक्स, असा परदेशस्थ मराठी व्यावसायिकाचा दिवस तीन प्रणालींत सहज विभागला जातो. या तिन्हींमध्ये फिरत असते एखादी बाह्य डिस्क : घराची कागदपत्रे, आई-वडिलांचे वैद्यकीय अहवाल, अनेक वर्षांची छायाचित्रे. फाइल बिघडलेली नसते, डिस्कही धडधाकट असते. तरीही ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो. त्याहून वाईट म्हणजे, कधी कोणताही संदेश न येता बॅकअप भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. याचे मूळ फाइलच्या पत्त्यात, म्हणजेच ‘पाथ’मध्ये आहे. हा पत्ता फाइलच्या आत लिहिलेला नसतो. ज्या प्रणालीत ती उघडली जाते, ती प्रणाली तो आपल्या संकेतांनुसार ठरवते.

दोन परंपरा

बेल लॅब्जमध्ये 1969 साली आकाराला येऊ लागलेल्या युनिक्सने सर्व साठवण एकाच वृक्षात मांडली. ‘/’ हे त्याचे मूळ. नवी डिस्क जोडली की ती एखाद्या फोल्डरच्या जागी फांदीसारखी बसते. लिनक्सने हीच रचना स्वीकारली आणि 2001 मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनपासून मॅकही याच कुळात आला.

विंडोजचा वारसा सीपी/एम आणि डॉस यांचा. तेथे प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र अक्षर मिळते. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून हार्ड डिस्क ‘सी’ झाली. 1983 मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ‘/’ हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होते. म्हणून उलटी रेघ ‘\’ निवडली गेली. परिणामी एकच पेनड्राइव्ह विंडोजवर ‘ई:’ म्हणून, मॅकवर ‘व्हॉल्यूम्स’ फोल्डरमध्ये आणि अनेक लिनक्स संगणकांवर ‘मीडिया’ फोल्डरमध्ये दिसतो.

बॅकअप चुकतो कसा

विंडोजमधील ड्राइव्हचे अक्षर कायम राहीलच असे नाही. बॅकअपच्या आज्ञेत ‘ई:’ लिहिलेले असेल आणि दुसऱ्याच पेनड्राइव्हने ते अक्षर आधी घेतले, तर बॅकअप एक तर थांबतो किंवा त्या पेनड्राइव्हवर लिहिला जातो. मॅकवर त्याच नावाची दुसरी डिस्क आधीच जोडलेली असेल, तर नव्या डिस्कच्या पाथमध्ये नावापुढे आकडा वाढतो.

लिनक्समधील धोका अधिक छुपा आहे. डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते, तो डिस्क काढल्यावरही रिकामा शिल्लक राहू शकतो. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला तो साधा फोल्डर दिसतो आणि सारी नक्कल संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर उतरते. त्रुटीची नोंद होत नाही. मूळ आणि राखीव प्रत एकाच डिस्कवर होती, हे ती डिस्क निकामी झाल्यावरच कळते.

नावांचे नियम आणि देवनागरी

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारांकन किंवा विसर्गासारखी दोन टिंबे (:) विंडोजला चालत नाहीत, लिनक्सला चालतात. त्यामुळे ‘बैठक 10:30’ अशी लिनक्सवरील फाइल त्याच नावाने विंडोजवर नेता येत नाही. रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे लिनक्स वेगळी मानते. विंडोज आणि मॅक सर्वसाधारणपणे मानत नाहीत. म्हणून लिनक्सवर शेजारी नांदणाऱ्या दोन फाइलींपैकी एक, नक्कल होताना दुसरीवर लिहिली जाऊ शकते.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. अडचणी निराळ्या आहेत. लिनक्सवर एका नावाला सहसा 255 बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम 85 चिन्हे हाती राहतात.

‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना नावे विलग रूपात साठवत असे, तर लिनक्स नावांची तुलना बाइटनिहाय करते. म्हणून डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावे लिनक्सच्या लेखी भिन्न ठरू शकतात आणि शोध घेऊनही फाइल हाती लागत नाही.

व्यवहारात काय करावे

तिन्ही प्रणालींत फिरणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट ही रचना सोयीची. फॅट-32 मध्ये 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस मॅकला वाचता येते. पण अंगभूत सोयीने तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही नसते. त्यामुळे ‘इजेक्ट’ न करता डिस्क ओढून काढणे धोक्याचे.

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून बॅकअपच्या डिस्कला शेवटच्या अक्षरांपैकी एखादे नेमून द्यावे. लिनक्समध्ये डिस्क तिच्या यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून जोडावी आणि ती खरोखर जोडली गेली आहे का, हे तपासूनच बॅकअप सुरू होईल अशी व्यवस्था करावी. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तिरप्या रेघा हाताने जोडू नयेत. पायथनमधील ‘पाथलिब’सारखी साधने ते काम प्रणाली ओळखून करतात. एकत्र फिरणाऱ्या फाइलींचे परस्परांतील दुवे ‘सी:’पासून न लिहिता प्रकल्पाच्या फोल्डरपासून लिहावेत.

शेवटची कसोटी साधी आहे : राखीव प्रतीतील चार फाइली महिन्यातून एकदा दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्यांत एक मराठी नावाची अवश्य असावी.