बुरशीनाशकाने वाचवलेल्या पेशी

मृगाचा पाऊस आला की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत कृषी केंद्रांत गर्दी उसळते. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या औषधांत आता बरेच नवे प्रकार आले, तरी कार्बेन्डाझिम हे नाव जुनं आणि ओळखीचं. अनेक शेतकरी त्याला ‘बाविस्टीन’ म्हणूनच मागतात. हेच रसायन १९८८ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात, पेशीविज्ञानाला कलाटणी देणाऱ्या एका प्रयोगात वापरलं गेलं. तेही बुरशीच्या पेशी वाचवण्यासाठी!

ही बुरशी म्हणजे पाव फुगवणारं यीस्ट. त्याच्या पेशीला कळी फुटते, कळी वाढते आणि साधारण दीड तासात एकीच्या दोन पेशी होतात. पण क्ष-किरणांचा मारा करून आतला डीएनए तोडला, तर मोठ्या झालेल्या कळीसकट पेशी तशीच थबकते. का? यंत्र मोडलं म्हणून बंद पडलं, हे उत्तर कुणालाही पटेल. ते चूक होतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी ‘रॅड-९’ नावाचं जनुक बिघडलेलं यीस्ट घेतलं. त्याच्यावरही क्ष-किरण सोडले, त्याचाही डीएनए तुटला. मात्र या पेशी थांबल्याच नाहीत. तुटका डीएनए घेऊन त्या काही पिढ्या विभागत राहिल्या आणि मेल्या. म्हणजे डीएनए तुटल्यामुळे विभाजन आपोआप अडत नाही, ते अडवलं जातं.

पुढची पायरी मला जास्त आवडते. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे बारीक तंतू असतात. कार्बेन्डाझिम हे तंतू तयारच होऊ देत नाही. बियाण्यावरची बुरशी त्यामुळेच वाढत नाही. वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी क्ष-किरण दिलेल्या, ‘रॅड-९’ बिघडलेल्या पेशींना या विषात काही तास अडकवून ठेवलं, मग विष काढून घेतलं. एरवी मरणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच जगल्या. दुरुस्तीची सगळी हत्यारं त्यांच्याकडे आधीपासून होती, फक्त वेळ नव्हता. तो बाहेरून, तोही विषाने मिळवून दिला.

पेशी नेमकी मोठ्या कळीच्या टप्प्यावर का थांबते, यालाही कारण आहे. इथवर येताना प्रत्येक गुणसूत्राची नक्कल झालेली असते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून असतात. फाटलेला सातबारा शेजारच्या धड प्रतीवरून लिहून काढावा, तशी तुटलेली जागा जुळ्या प्रतीवरून भरता येते. प्रती एकदा दोन पेशींत वाटल्या गेल्या की ही सोय संपली. म्हणून ‘मेक-१’ नावाचं प्रथिन तुटलेल्या टोकांवर उघडा पडलेला एकेरी धागा हेरतं, ‘रॅड-९’च्या मदतीने निरोप पुढे जातो आणि प्रतींना बांधून ठेवणारी गाठ सुटू दिली जात नाही.

१९८९ मध्ये हार्टवेल आणि वाइनर्ट यांनी या व्यवस्थेला ‘चेकपॉइंट’ म्हटलं. २००१ चं नोबेल हार्टवेल यांना टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासह मिळालं. ‘मेक-१’चा भाऊबंद माणसाच्या पेशीतही आहे, त्याचं नाव ‘एटीआर’. यवतमाळचे कितीतरी रुग्ण ज्या रेडिओथेरपीसाठी नागपूर गाठतात, ती कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींचा डीएनए मुद्दाम तोडते. त्या पेशींना थांबून दुरुस्ती करायला सवडच मिळू नये, यासाठी ‘एटीआर’ रोखणारी औषधं सध्या तपासली जात आहेत. सिएटलमध्ये पेशींना वेळ दिला होता, इथे तो काढून घ्यायचा आहे.

यीस्टची पेशीही कायम वाट पाहत नाही. दुरुस्त होऊच शकणार नाही अशी एकच तूट असेल, तर आठ-बारा तासांनी ती तुटक्या डीएनएसकट पुन्हा विभाजनाला लागते. अशा दोन तुटी असल्या, तर बहुतेक पेशी थांबलेल्याच राहतात. गुणसूत्रं सोळा, डीएनएची सुमारे सव्वा कोटी अक्षरं, आणि तरी एक तूट आणि दोन तुटी यांतला फरक या पेशीला कळतो.