कर्करोगाचा नवा इलाज आणि नमुन्याची चिंधी

मॅचिंग सेंटरवर येणारे गिऱ्हाईक साडीची चिंधी घेऊन येते. दुकानदार तोंडी सांगितलेल्या रंगावर विसंबत नाही. चिंधी ताग्याला लावून पाहतो आणि जुळली तरच कापड फाडतो. कर्करोगावरील इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींकडून करून घ्यायचा इलाज, याच्या संशोधनात असाच व्यवहार चालतो. आमच्या चाकूरकडून रुग्णाला मुंबईच्या टाटा रुग्णालयात नेणे नवे नाही. तिथे कानावर पडणारे शब्द आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना समजावेत, म्हणून हा लेख.

आपल्या रक्तातील टी पेशी शरीरातील पेशी तपासत फिरतात. प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर मांडून ठेवते. असा तुकडा बहुधा आठ ते दहा अमिनो आम्लांचा असतो. त्याला पेप्टाइड म्हणतात. तो ज्या प्रथिनाच्या खाचेत बसतो ते एमएचसी. माणसात त्यालाच एचएलए असे नाव आहे. एमएचसी ही दुकानाची फळी आणि पेप्टाइड हा तिच्यावरचा माल, असे समजावे. टी पेशी फळी आणि माल दोन्ही मिळून ओळखते, नुसता माल नाही. पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात हे दाखवले. त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

कर्करोगाची पेशीही आपला बिघडलेला माल अशीच मांडते. पण तो ओळखणाऱ्या टी पेशी लाखो पेशींत मोजक्याच असतात. त्या शोधायला चिंधी लागते, आणि ती प्रयोगशाळेत तयार होते. मानवी एमएचसीचा जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात तसे त्यांच्यात हे प्रथिन साठते. ते बाहेर काढून, हवे ते पेप्टाइड आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे जोडीचे प्रथिन मिसळून, योग्य घडीत बसवतात व शुद्ध करतात. यालाच रिकॉम्बिनंट पेप्टाइड-एमएचसी म्हणतात. एकटी चिंधी टी पेशीला फार वेळ चिकटून राहत नाही. म्हणून चार एकत्र बांधून त्यांना चमकणारा रंग लावतात. अमेरिकेत जॉन आल्टमन, मार्क डेव्हिस व सहकाऱ्यांनी १९९६ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. ज्या पेशी चमकतात, त्या यंत्राने मोजता येतात व वेगळ्याही काढता येतात.

या ज्ञानातून औषधेही निघाली. डोळ्याच्या एका कर्करोगावरील टेबेन्टाफस्प याला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते फक्त एचएलए ए ०२:०१ प्रकारच्या रुग्णांनाच देतात. फळी वेगळी असेल तर औषध निरुपयोगी.

आपल्याकडे आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार१९ हा इलाज तयार झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशात अशा इलाजाला तीन-चार कोटी रुपये लागतात. येथे त्याचा भाव तीस ते चाळीस लाखांच्या आसपास सांगितला गेला. गरिबाला हीही रक्कम डोंगराएवढी, पण फरक मोठा आहे. यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देतात. त्या रक्ताच्या काही कर्करोगांत पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी१९ हे चिन्ह थेट ओळखतात. त्यांना फळी लागत नाही. मात्र पेशीच्या आतला बिघाड फक्त फळीवरच दिसतो. तो पकडायचा तर पेप्टाइड-एमएचसीची वाट धरावी लागते.

इथेच आपला प्रश्न येतो. फळीचे प्रकार माणसागणिक बदलतात. युरोपीय लोकांत ए ०२:०१ भरपूर आढळतो. भारतात त्याच गटातील ०२:११ सारखे प्रकारही बरेच आहेत. सगळ्या चिंध्या परक्या बाजारातल्या असतील, तर आपल्या मालाला मॅचिंग मिळणार कुठून? त्यासाठी आपल्याच लोकांचे रक्तनमुने अभ्यासात यायला हवेत.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संशोधनासाठी नमुना मागितला, तर संमतीपत्र वाचून घ्यावे, शंका विचाराव्यात, पण केवळ भीतीने नकार देऊ नये. 'दात्री'सारख्या नोंदणी संस्थेत मूळपेशी दाता म्हणून नाव द्यावे. तिथे गालाच्या आतील फायाने एचएलए तपासतात. हा नमुना रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाशी जुळला, तर एक जीव वाचू शकतो. मनात काही शंका असेल तर आलिमांना जरूर विचारावे. आणि कुणी पुडी किंवा काढा 'इम्युनोथेरपी' म्हणून विकू लागला, तर त्याच्यावर पैसा घालवू नये. खरा इलाज तपासणी करून, रुग्णालयातच होतो.

मर्ज देणाऱ्याने दवाही ठेवली आहे, ही आपली श्रद्धा. ती दवा शोधणाऱ्यांच्या हाती आपलीही चिंधी असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.